फी भरून वाकायला शिकायचं?

प्रश्न : ऐरोलीच्या एका आईचं पत्र आहे. मुलगी दहा वर्षांची. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये वर्षभर कराटे शिकते, पिवळ्या पट्ट्यापर्यंत पोचली आहे आणि पुढची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीतून निवृत्त झालेले बाईंचे वडील त्यांच्याकडेच राहतात. एका संध्याकाळी ते नातीला आणायला लवकर पोचले आणि त्यांनी वर्ग पाहिला. मुलं गुडघ्यांवर बसून भिंतीवरच्या एका जपानी गृहस्थांच्या फोटोपुढे वाकली, मग सरांपुढे, मग एकमेकांपुढे. घरी येऊन ते एवढंच बोलले, "वाकणं सोडायला आपल्याला किती पिढ्या लागल्या. तेच तुम्ही पोरीला फी भरून शिकवताय." घर आंबेडकरी विचारांचं, रविवारी बुद्धवंदना होते, ते वाक्य बाईंच्या मनातून जाईना. नवऱ्याच्या मते हे सगळं 'गुड मॉर्निंग सर' म्हणण्याइतकंच आहे. मुलगी मात्र तेव्हापासून रांगेच्या टोकाला उभी राहते आणि अर्धवट मान हलवते. सरांनी ते पाहून एकदा वीस पुशअप्स काढायला लावले. गुरुपौर्णिमेला सगळी मुलं सरांच्या पाया पडणार होती, त्या दिवशी हिचं पोट दुखलं. क्लास बंद करावा का, 'आमची मुलगी वाकणार नाही' असं कळवलं तर परीक्षेला बसू देतील का, असं बाई विचारतात. ता. क. मध्ये आणखी एक : वाकताना नजर समोर ठेवायची की खाली? सर एक सांगतात, व्हिडिओत दुसरंच दिसतं.

उत्तर :

ताई, तुमचे वडील आणि तुमचे यजमान यांच्यात निवड करायची झाली, तर आमचं मत आधी वडिलांकडे झुकेल. 'गुड मॉर्निंग' तोंडाने म्हणतात, त्यात पाठ लागत नाही. शरीराने केलेली गोष्ट शरीर लक्षात ठेवतं, आणि आपल्याकडे तर कोणी कोणापुढे किती वाकायचं यावरून माणसाची पायरी ठरवली गेली. ज्या घराने ती पायरी नाकारली, त्या घरातल्या आजोबांना ओळीने वाकलेली मुलं पाहून खटकलं, यात जुनाट काही नाही. तेव्हा 'बाबा, तुम्हाला कळत नाही' हे वाक्य घरात कोणी बोललं असेल, तर ते आधी मागे घ्या.

पण वडिलांना एक विचारून बघा, वाद घालायला म्हणून नको. वंदनेला तेही पंचांग प्रणाम करत असतील : दोन गुडघे, दोन हात आणि कपाळ जमिनीला. कराटेतल्या नेहमीच्या नमनापेक्षा तो खोल असतो. कराटेत बहुतेक ठिकाणी कपाळ जमिनीच्या वरच थांबतं. त्या प्रणामात त्यांना कमीपणा वाटत नाही, कारण तो त्यांनी स्वतः निवडलाय. म्हणजे पाठ किती वाकते यावर त्यांचा राग नाहीच. वाकायला कोण लावतंय आणि समोरचा काय करतोय, यावर आहे. जुन्या जोहारात एक जण वाकायचा आणि दुसरा ताठ बसून राहायचा, कधी बघायचाही नाही. तुम्ही पत्रात सगळं लिहिलंत. तुमच्या मुलीच्या वर्गातले सर परत वाकतात की नाही, एवढं मात्र राहून गेलं. आमच्या मते क्लास ठेवायचा की सोडायचा, हे त्यावरच ठरायला हवं.

या वाकण्याला जपानीत 'रेई' म्हणतात. शब्दाचा अर्थ अदब, शिष्टाचार असा मोठा आहे. कमरेतून वाकणं हा त्याचा डोळ्यांना दिसणारा भाग. तुमचा वर्ग शोतोकान शैलीचा असेल तर भिंतीवरचे गृहस्थ बहुधा गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) असतील. ओकिनावा बेटावरचे हे शाळामास्तर १९२२ मध्ये कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला गेले आणि शिकवायला तिथेच राहिले. त्यांनी घालून दिलेल्या वीस सूत्रांतलं पहिलं सूत्र असं की कराटेची सुरुवात रेईने होते आणि शेवटही रेईनेच. पहिलं सूत्र ठोशाबद्दल नाही, हे वडिलांना सांगण्यासारखं आहे.

वर्गात तिन्ही रेई पाठोपाठ होतात म्हणून बघणाऱ्याला एकच वाटतात. ज्येष्ठ विद्यार्थी एका दमात पुकारतो : शोमेन नि रेई, सेन्सेई नि रेई, ओतागाई नि रेई. समोरच्या भिंतीला, शिक्षकांना, एकमेकांना. आपण शेवटच्यापासून बघू, कारण खरा जीव तिथे आहे.

ओतागाई म्हणजे परस्पर. पिवळ्या पट्ट्याच्या आसपास मुलं ठरवून केलेली लढत शिकतात. हल्ला करणारी आधी मोठ्याने सांगते, 'जोदान', म्हणजे तोंडाच्या उंचीवर; मग एक पाऊल पुढे टाकून खरोखर तोंडाच्या रोखाने ठोसा मारते. समोरचीने मागे सरकून हात वर नेत तो अडवायचा आणि उलट ठोसा द्यायचा, जो अंगाला लागायच्या आधी थांबतो. ठोसा मुद्दाम बाजूला मारला तर समोरचीला अडवायला काही उरत नाही आणि ती काहीच शिकत नाही. नेमका मारला आणि अडवणं चुकलं, तर नाक सुजतं. म्हणजे दहा वर्षांच्या दोन मुली एकमेकींना सांगत असतात की मी तुला खरं मारणार आहे आणि तुला जपणारही आहे. हे त्या वयात शब्दांत बोलता येत नाही, म्हणून आधी वाकून सांगायचं. सराव संपल्यावर पुन्हा वाकायचं. मधल्या वेळात कुणाला लागलं असेल, राग आला असेल, तर तो तिथे संपला असं दोघींनी कबूल करायचं. या रेईत वरची-खालची कोणीच नसते. काळा पट्टाही पांढऱ्या पट्ट्यापुढे तितकाच वाकतो. ही रेई तुमच्या मुलीने टाळू नये असं आम्ही स्पष्टच सांगू. अर्धवट मान हलवून उभी राहिली, तर तिच्या जोडीदाराला 'ही तयार आहे का' हे कळत नाही आणि पुढचा ठोसा बेसावध चेहऱ्यावर येऊ शकतो.

सेन्सेई नि रेई. 'सेन्सेई' हा शब्द फोडला तर 'आधी जन्मलेला' एवढाच अर्थ निघतो. या रेईत शिक्षक मुलांकडे तोंड करून बसतात आणि तेही वाकतात. मुलं किंचित आधी वाकतात, किंचित नंतर उठतात. ज्येष्ठपणाचा फरक म्हणजे हा अर्धा सेकंद. सर त्या वेळी मोबाइल बघत असतील, हजेरी भरत असतील किंवा हात मागे बांधून नुसते उभे असतील, तर तिथे रेई अर्धीच झाली. मग तुमच्या वडिलांचं म्हणणं त्या वर्गापुरतं खरं आहे.

शोमेन म्हणजे दालनाची पुढची बाजू. जपानमधल्या काही दोजोंमध्ये, म्हणजे सरावाच्या दालनांमध्ये, त्या भिंतीवर कामिदाना, म्हणजे छोटा शिंतो देव्हारा असतो. आपल्याकडे तिथे फोटो, झेंडा की कोरी भिंत, हे वर्ग चालवणारा ठरवतो. कबड्डीचा खेळाडू मैदानात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावतो, पैलवान आखाड्यातली लाल माती अंगाला लावतो; शोमेनची रेई साधारण त्याच जातीची. तरीही कुणाच्या मनाला ती पूजेसारखी वाटली तर त्यात नवल नाही. अमेरिकेत ज्यूदोतल्या अशाच सक्तीविरुद्ध खटला झाला होता; २००२ मध्ये तिथल्या न्यायालयाने ही रेई धार्मिक विधी नाही असं मानलं. पण न्यायालय मानतं म्हणून मन मानतंच असं नाही, आणि सवलत मागायला सर्वांत जास्त वाव याच रेईत आहे. दाराशी केलेल्या छोट्या रेईबद्दल फार लिहायची गरज नाही : चपला काढल्या, आता लक्ष इथे, इतकंच. फक्त उंबऱ्यातच वाकत उभं राहून मागच्यांची वाट अडवू नये.

आता ती करायची कशी. अर्धवट केलेली रेई लाचार दिसते आणि नीट केलेली ताठ दिसते, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही.

उभी रेई : टाचा जुळलेल्या, चवडे थोडे फाकलेले, हात मांडीच्या कडेला सरळ. वाक कमरेतून, डोकं, मान आणि पाठ एका रेषेत. ज्यूदोत ही सुमारे ३० अंशांची असते आणि कराटेतही तेवढीच पुरते. खाली जाणं, क्षणभर थांबणं आणि वर येणं एका सावकाश श्वासात, तीनेक सेकंद. मुलांचं नेमकं काय चुकतं? नुसती मान टाकतात, मग पाठ पोक काढल्यासारखी दिसते. हात मांडीवर फटकन आपटतात. चालता चालता वाकतात. आणि जोडीदाराच्या हातभर अंतरावरून वाकतात, त्यामुळे कपाळावर कपाळ आपटतं. दोघींमध्ये चांगली दोन पावलं हवीत, चष्मेवाल्यांना तर हवीतच.

बसून करायची रेई : आधी डावा गुडघा टेकवायचा, मग उजवा, उठताना उजवं पाऊल आधी. टाचांवर बसायचं, पाठ सरळ. बऱ्याच कराटे शाळांत आधी डावा तळवा पुढे टेकवतात, मग उजवा, आणि परत घेताना आधी उजवा. तलवार डाव्या कमरेला असायची तेव्हा उजवा हात शेवटपर्यंत मोकळा ठेवायची ही सवय, असं सांगतात. ज्यूदोत दोन्ही हात एकदमच जातात. वाकताना ढुंगण टाचांवरून उचलू द्यायचं नाही. नव्वद टक्के मुलांचं इथेच बिघडतं, कारण ती हात फार लांब टेकवतात. तळवे गुडघ्यांच्या अगदी पुढ्यात ठेवले की आपोआप जमतं.

तुमच्या वर्गात आम्हाला दोन गोष्टी खटकल्या. वाकली नाही म्हणून वीस पुशअप्स : शिक्षेच्या भीतीने दिलेला आदर सरांनाही नको असायला हवा. मुलगी का वाकत नाही हे त्यांनी आधी विचारायला हवं होतं. दुसरी, गुरुपौर्णिमेची रांग. पाया पडणं कराटेत कुठेच नाही. रेईत दोन माणसांमध्ये मोकळी जागा राहते, कोणी कोणाला शिवत नाही. पायांना हात लावणं ही आपण इथे घातलेली भर. ज्यांना मनापासून करायचं त्यांनी करावं, पण पट्ट्याशी, परीक्षेशी तिचा काही संबंध नाही. त्या दिवशी मुलीला पोटदुखीचा आधार घ्यावा लागला, ही तुमच्या पत्रातली सर्वांत वाईट ओळ आहे. पुढच्या वर्षी ती वर्गात जाऊ दे, उभ्याने रेई करू दे आणि रांगेत न लागता बाजूला बसू दे. आजच तसं ठरवून तिला सांगून टाका.

सरांशी बोलण्याआधी एक पूर्ण वर्ग मागे बसून बघा, विशेषतः शेवटची दहा मिनिटं. तेव्हा सगळे थकलेले असतात आणि वर्गाची खरी रीत दिसते. सर परत वाकतात का? मोठ्या पट्ट्याची मुलं लहानांना रेई करतात की 'चल, सुरू कर' म्हणतात? विसरलेल्या मुलाला आठवण करून देतात की सगळ्यांसमोर उभं करतात?

मग वर्ग सुटल्यावर, मुलं गेल्यावर, पाच मिनिटं मागा. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय काढू नका. तिथे तासाभरात त्याचं 'संस्कृतीचा अपमान' किंवा 'अंधश्रद्धा' यांपैकी काहीतरी होईल. 'आमची मुलगी वाकणार नाही' असंही म्हणू नका, कारण तुम्हाला तसं म्हणायचंच नाहीये. असं बोलता येईल : "सर, जोडीदाराची आणि तुमची रेई ती नीट करेल, ती जबाबदारी आमची. फोटोपुढच्या रेईला ती बसेल, शांत राहील, पण हात टेकवून वाकणार नाही. पाया पडायचं आमच्या घरात नसतं. आणि चुकलं तर तिला शिक्षेआधी विचारा." बसून, पाठ सरळ ठेवून दोन क्षण स्तब्ध राहण्यात कुणाचाच अवमान नाही, आणि रांगेची शिस्तही मोडत नाही. त्याऐवजी सर उभ्याने हलकी रेई सुचवतील. मुलीला चालत असेल तर तेही घ्या. किंवा सगळं ऐकून मुलगीच म्हणेल की मला फोटोपुढेही वाकायचंय. दहा वर्षांच्या मुलीला तेवढं मत असतं, आणि पत्रात तिचं मत कुठेच आलेलं नाही.

परीक्षेचं : फॉर्म भरायच्या आधीच हे बोलून घ्या, कारण पट्ट्याच्या परीक्षेला बऱ्याचदा बाहेरचे परीक्षक येतात आणि ऐन वेळी त्यांना मुलगी उद्धट वाटू शकते. सरांनी आधी कल्पना दिलेली असली की प्रश्न उरत नाही. परीक्षकांना आणि जोडीदाराला रेई मात्र करावीच लागेल. स्पर्धेत तर प्रतिस्पर्ध्याची रेई नियमाचाच भाग. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तचा ज्यूदो खेळाडू इस्लाम एल शेहाबी हरल्यावर इस्रायलच्या ओर सासोनशी हात न मिळवता निघाला. हात मिळवणं सक्तीचं नव्हतं, पण पंचांनी त्याला रेईसाठी मॅटवर परत बोलावलं. तो कशीबशी मान हलवून गेला, प्रेक्षकांनी हुर्यो केली आणि पुढे त्याला मायदेशी धाडण्यात आलं. मान हलवणं आणि रेई यांतला फरक टीव्हीवर बघणाऱ्यांनाही कळतो, तर समोर उभ्या जोडीदाराला कळणारच.

सरांनी यातलं काहीच ऐकलं नाही, किंवा परत न वाकणं हीच तिथली रीत निघाली, तर क्लास बदला. परीक्षेचे पैसे भरले असतील तरी बदला. ठाण्यात घोडबंदर रोडपासून इकडे खारघरपर्यंत पर्याय कमी नाहीत. जाताना आतापर्यंतच्या पट्ट्यांची प्रमाणपत्रं हातात घ्या आणि नव्या ठिकाणी शैली व संघटना तीच आहे का विचारा. वेगळी असेल तर पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून सुरू करावं लागू शकतं. दहाव्या वर्षी त्याने फार बिघडत नाही.

याच विषयावर इतरही पत्रं येत असतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. चाळिशीनंतर वर्ग लावलेल्यांनी दुखऱ्या गुडघ्यांनी टाईल्सवर टाचा टेकून बसायचा हट्ट धरू नये. खाली दोन सेंटिमीटरची फोमची मॅट घ्यावी किंवा सरळ मांडी घालून, नाहीतर उभ्याने रेई करावी. कुठलाही समजूतदार शिक्षक हो म्हणतो. ज्या मुस्लिम घरांना वाकणं नमाजापुरतंच राखायचं असतं, त्यांना हात छातीवर ठेवून मान किंचित झुकवण्याची मुभा अनेक वर्गांत मिळते. स्पर्धेचा नियम मात्र आधी विचारून ठेवावा. आणि तायक्वांदोवाल्यांनो, तुमचं हेल्मेट रेईच्या वेळी डोक्यावर नको, डाव्या काखेत हवं.

वडिलांना एकदा पुन्हा वर्गाला न्या, पण या वेळी सुरुवातीपासून, आणि शेजारी नातीला बसवून नको. ती मॅटवर असू दे. त्यांना एकच काम द्या : कोण कोणाला परत वाकतंय ते मोजायचं. ते जे सांगतील ते ऐकून घ्या, अगदी ते आमच्या या उत्तराच्या उलट असलं तरी.

राहता राहिली नजर. इथे शैलीशैलींत फरक आहे, म्हणून तुमचे सर आणि व्हिडिओ दोघंही बरोबर असू शकतात. ज्यूदोत आणि बऱ्याच कराटे शाळांत नजर पाठीबरोबर आपोआप खाली जाते, समोरच्या जमिनीवर. तायक्वांदोच्या एका मोठ्या संघटनेत वाक जेमतेम १५ अंशांचा आणि नजर समोरच्यावर. दुसरीत, ऑलिंपिकवालीत, कंबर ३० अंशांपेक्षा जास्त आणि डोकं ४५ अंशांपेक्षा जास्त झुकवायचं, तेव्हा नजर खाली जाणारच. परीक्षेपुरतं सर सांगतात तेच करू दे. फक्त समोर बघायच्या नादात ती हनुवटी वर काढत असेल तर थांबवा. मान मागे मोडते आणि पाठीची रेषा तिथेच तुटते.